डॉ. मार्था ह्यूज कॅनन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉ. मार्था ह्यूज कॅनन (१८५७–१९३२) या अमेरिकेतल्या पहिल्या महिला राज्य सिनेटर, युटा या पश्चिमेकडच्या राज्यातून निवडून आलेल्या. त्यांची ओळख करून देताना बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: त्यांनी निवडणुकीत स्वतःच्या नवऱ्याला हरवलं. गोष्ट खरी आहे, पण तिच्या मागे एक डॉक्टर झाकली जाते. दवाखान्यात जे रोज दिसत होतं ते त्यांनी विधेयकांत उतरवलं आणि ती विधेयकं मंजूर करून घेतली, हे मला त्या निकालापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. म्हणून इथे प्रश्नोत्तरांत कायद्यांना जास्त जागा दिली आहे.

मार्था मूळच्या युटाच्याच का?

नाही. त्यांचा जन्म १ जुलै १८५७ रोजी वेल्समधल्या लँडुडनो या समुद्रकाठच्या गावी झाला. आईवडिलांनी मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला ख्रिस्ती पंथ स्वीकारला होता, आणि त्या काळी युरोपातले हजारो मॉर्मन युटाच्या सॉल्ट लेक सिटीकडे निघत होते. ह्यूज कुटुंब १८६० मध्ये अमेरिकेला पोचलं आणि पुढच्या वर्षी बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर पश्चिमेला निघालं. वडील पीटर आजारी होते. वाटेत मार्थाची धाकटी बहीण ॲनी दगावली, तिला रस्त्याकडेलाच पुरावं लागलं. सॉल्ट लेक सिटीला पोचल्यावर तीन दिवसांत वडीलही गेले. मार्था तेव्हा चार वर्षांची होती.

आई एलिझाबेथ यांनी पुढे जेम्स पॉल नावाच्या विधुराशी लग्न केलं. हा सुतारकाम करणारा माणूस सावत्र मुलीच्या शिक्षणामागे ठाम उभा राहिला. मार्थांनी आयुष्यभर त्याचं ऋण मानलं.

डॉक्टर व्हायला पैसे कुठून आले?

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून. चौदाव्या वर्षी त्यांनी शाळेत शिकवून पाहिलं, पण वर्गातली मुलंच त्यांच्यापेक्षा दांडगी, म्हणून ते सोडलं. मग 'डेझरेट न्यूज' या वर्तमानपत्राच्या छापखान्यात आणि 'वुमन्स एक्स्पोनंट' या बायकांनी चालवलेल्या पत्रात कंपोझिंगचं काम धरलं. पाच वर्षं दिवसा छापखाना आणि जोडीने डेझरेट विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास असा क्रम चालला. घरापासून कामावर लांब चालत जावं लागे. वेणीफणीत वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी केस आखूड कापले आणि चिखलातून चालायला पुरुषी बूट घातले. गावात त्याची चर्चा झाली. त्यांनी बूट बदलले नाहीत.

१८७८ मध्ये त्या मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत दाखल झाल्या. या विद्यापीठाने १८७० पासून मुलींना वैद्यक शिकायला दार उघडलं होतं. साठवलेले पैसे पुरेनात, तेव्हा बोर्डिंग हाउसमध्ये भांडी घासणं, बिछाने घालणं अशी कामं केली. १ जुलै १८८० रोजी, म्हणजे तेविसाव्या वाढदिवशी, त्यांना एम. डी. पदवी मिळाली. तिथून फिलाडेल्फियाला जाऊन १८८२ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची आणखी एक पदवी घेतली. त्या वर्गात त्या एकट्याच बाई होत्या. त्याच सुमारास त्यांनी वक्तृत्वाच्या एका शाळेचाही अभ्यासक्रम पुरा केला. आरोग्याबद्दल लोकांना समजावून सांगायचं तर बोलता आलं पाहिजे, हे त्यांनी आधीच हेरलं होतं.

मॉर्मन समाज इतका सनातनी, मग बाईला डॉक्टर होऊ कसं दिलं?

उलट, समाजानेच पाठवलं. १८७३ मध्ये धर्मप्रमुख ब्रिगम यंग यांनी बायकांनी वैद्यक शिकावं असं आवाहन केलं. बाळंतपणात बायका आणि मुलं मरत होती, आणि परक्या पुरुष डॉक्टरांवर विसंबायची समाजाची तयारी नव्हती. आवाहनामागे धर्माचा हिशोब होता, हे खरं. पण त्यातून रोमानिया प्रॅट आणि एलिस शिप अशा बायका मुलंबाळं घरच्यांवर सोपवून फिलाडेल्फियाला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. मार्था त्यांच्या मागून आल्या. १८८२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत बायकांच्या 'रिलीफ सोसायटी'ने डेझरेट हॉस्पिटल उघडलं, तिथे मार्था निवासी डॉक्टर झाल्या.

आनंदीबाई जोशी आणि मार्था फिलाडेल्फियात भेटल्या असतील का?

नाही. मार्थांनी १८८२ मध्ये शहर सोडलं आणि आनंदीबाई १८८३ मध्ये तिथे पोचल्या. कॉलेजही वेगळं. पण एक धागा मात्र खरा आहे. आनंदीबाई ज्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून १८८६ मध्ये एम. डी. झाल्या, तिथूनच युटाच्या रोमानिया प्रॅट १८७७ मध्ये आणि एलिस शिप १८७८ मध्ये पदवी घेऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळी कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली. कल्याणची मुलगी आणि रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या बायका एकाच डीनच्या हाताखाली शिकल्या.

त्या कुणाच्या तरी चौथ्या बायको होत्या, हे खरं आहे का?

खरं आहे. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी अँगस कॅनन यांच्याशी लग्न केलं. अँगस त्यांच्याहून २३ वर्षांनी मोठे, सॉल्ट लेकमधले वजनदार धर्माधिकारी. घरात आधीच्या तीन बायका होत्या, त्यांतल्या दोघी सख्ख्या बहिणी. मार्थांनंतर अँगसनी आणखी दोन लग्नं केली.

शिकलेली, कमावती, मताधिकारासाठी बोलणारी बाई अशा लग्नाला उभी कशी राहिली, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडतोच. मॉर्मन पंथात तेव्हा एका पुरुषाने अनेक बायका करणं धर्माला धरून मानलं जाई, आणि मार्था या प्रथेकडे श्रद्धेने पाहत. १८९६ मध्ये एका वार्ताहराला त्यांनी असंही सांगितलं की नवऱ्याला चार बायका असतील तर प्रत्येकीला महिन्यातले तीन आठवडे स्वतःचे मिळतात. हे उत्तर खूप गाजलं. पण अँगसना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत एकटेपणा, असूया आणि पैशाची ओढाताण जागोजागी आहे. मुलाखतीत बोलणारी मार्था आणि पत्र लिहिणारी मार्था, दोघीही खऱ्या होत्या असं मला वाटतं. दोघींपैकी एकीला खोटं ठरवून चरित्र सोपं करण्यात अर्थ नाही.

त्यांना देश सोडून का जावं लागलं?

१८८२ च्या एडमंड्स कायद्याने एकापेक्षा जास्त बायकांबरोबर राहणं हा केंद्रीय गुन्हा ठरवला. केंद्र सरकारचे अंमलदार (मार्शल) घरोघरी छापे घालू लागले. अँगस १८८५ मध्ये पकडले गेले, शिक्षा झाली, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही ते हरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मार्थांना मुलगी झाली, एलिझाबेथ. ते तान्हं मूल म्हणजे बापाविरुद्धचा चालताबोलता पुरावा.

मार्थांची अडचण दुहेरी होती. डेझरेट हॉस्पिटलमध्ये त्यांनी कितीतरी लपवलेल्या बायकांची बाळंतपणं केली होती. कोणाचं मूल कोणाचं, हे त्यांना ठाऊक होतं. साक्षीला उभं केलं असतं तर त्यांच्या शब्दावर अनेक घरांतले बाप तुरुंगात गेले असते. रुग्णाचं गुपित आणि न्यायालयातली शपथ यांच्या कात्रीत सापडलेल्या या डॉक्टरने १८८६ मध्ये मुलीला कडेवर घेऊन इंग्लंड गाठलं. तिथे खोट्या नावाने राहिल्या, आजारी पडल्या, नातेवाइकांकडे दिवस काढले, आणि जमेल तिथे युरोपातली रुग्णालयं पाहिली. परतल्यावर त्यांनी सॉल्ट लेक सिटीत खाजगी प्रॅक्टिस सुरू केली आणि परिचारिकांसाठी प्रशिक्षण शाळा काढली.

त्या काळात युटामध्ये बायकांना मताधिकार होता?

होता, गेला आणि परत मिळाला. युटाच्या विधिमंडळाने १८७० मध्ये बायकांना मत दिलं आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीत सेराफ यंग या तरुण शिक्षिकेने मतदान केलं. १८८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एडमंड्स-टकर कायदा करून तो हक्क काढून घेतला. बहुपत्नीत्व मोडायचं म्हणून ज्या बायका त्या लग्नांत नव्हत्या त्यांचंही मत गेलं. मार्था, एमेलीन वेल्स आणि इतर अनेक जणी तो परत मिळवण्यासाठी झगडल्या. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी मार्था तिथे बोलल्या आणि त्यांचं नाव देशभर झालं. ४ जानेवारी १८९६ रोजी युटा राज्य झालं तेव्हा राज्यघटनेतच बायकांना मत देण्याचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क होता.

नवऱ्याला हरवलं म्हणजे नेमकं काय झालं?

समोरासमोर, एकास एक अशी लढत नव्हती. सॉल्ट लेक परगण्यातून राज्य सिनेटच्या पाच जागा होत्या. डेमोक्रॅटांचे पाच, रिपब्लिकनांचे पाच उमेदवार, आणि सर्वाधिक मतांचे पाच जण निवडून यायचे. मार्था डेमोक्रॅटांच्या यादीत, अँगस रिपब्लिकनांच्या. एमेलीन वेल्ससुद्धा रिपब्लिकन यादीत होत्या, हे मात्र लोक विसरतात. मताधिकाराच्या लढ्यातल्या दोन मैत्रिणी त्या वर्षी समोरासमोर होत्या.

३ नोव्हेंबर १८९६ ला पाचही डेमोक्रॅट निवडून आले. त्याचं मोठं कारण चांदी. अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन चांदीच्या नाण्यांच्या बाजूने उभे होते आणि युटा हा खाणींचा मुलूख. तिथे त्यांना ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली. त्या लाटेत रिपब्लिकन यादीतला कोणीही तरला नसता. वर्तमानपत्रांना मात्र आयतंच सापडलं. एका स्थानिक डेमोक्रॅट पत्राने तर प्रचारातच लिहून टाकलं होतं की दोघांत ही बाईच जास्त कर्तबगार आहे, तिला सिनेटमध्ये पाठवा आणि नवऱ्याला घर सांभाळू द्या.

राज्य सिनेटर म्हणजे आपल्या राज्यसभेचा खासदार का?

नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचं विधिमंडळ असतं आणि बहुतेक ठिकाणी त्याची दोन सभागृहं असतात. राज्य सिनेट हे त्यातलं वरचं. आपली विधान परिषद डोळ्यांपुढे आणा, फक्त लोकांनी थेट निवडलेली.

'पहिल्या' म्हणताना नक्की कशात पहिल्या?

राज्य सिनेटमध्ये. खालच्या सभागृहात कोलोरॅडोतून तीन बायका १८९४ मध्येच निवडून आल्या होत्या. युटाच्या खालच्या सभागृहातही १८९६ मध्ये सेरा अँडरसन आणि युरिथी लाबार्थ या दोघी आल्या. लाबार्थबाईंचं एक विधेयक फार गाजलं: नाटकगृहात बायकांनी उंच टोप्या काढून ठेवाव्यात, म्हणजे मागच्यांना रंगमंच दिसेल.

सिनेटमध्ये त्यांनी केलं काय?

इथे जरा सविस्तर लिहितो. १८९७ चं अधिवेशन सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मार्थांनी जी विधेयकं मांडली, त्यांतली तीन नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिलं, मूकबधिर आणि अंध मुलांसाठी सक्तीच्या शिक्षणाचं. ऑग्डेन गावात मूकबधिरांची सरकारी शाळा होती, पण मुलाला तिथे पाठवायचं की घरात ठेवायचं हे आईबापांच्या मर्जीवर. अनेक मुलं घराच्या कोपऱ्यात वाढत होती. कायद्याने त्यांना शाळेत आणणं पालकांवर बंधनकारक झालं. मार्था पुढे या शाळेच्या नियामक मंडळावरही होत्या, आणि १८९९ च्या अधिवेशनात त्यांनी शाळेसाठी रुग्णालय बांधायचं विधेयक आणलं.

दुसरं दिसायला अगदी छोटं. दुकानांत आणि इतर आस्थापनांत काम करणाऱ्या बायका-मुलींना बसायला मालकाने स्टूल किंवा खुर्ची दिली पाहिजे, हातात काम नसेल तेव्हा त्यांना बसता आलं पाहिजे. तेव्हाच्या दुकानांत विक्रीच्या मुली दिवसाचे दहा-बारा तास उभ्या असत. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते. सुजलेले पाय, पोटऱ्यांत फुगलेल्या शिरा, गरोदरपणातला त्रास हे सगळं डॉक्टरच्या टेबलावर येतं. मार्थांनी त्याचं मूळ दुकानाच्या काउंटरमागे शोधलं. स्टुलाचा खर्च तो काय! पण बसण्याचा हक्क लिहून घ्यावा लागला. आपल्याकडे केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांसाठी अशी तरतूद केली, तीही दुकानातल्या बायकांनी आवाज उठवल्यावर. म्हणजे १८९७ चं ते विधेयक किती नेमकं होतं ते कळतं.

तिसरं सगळ्यांत मोठं: राज्य आरोग्य मंडळ. तोवर साथ आली की प्रत्येक गाव आपल्या परीने काहीतरी करायचं, शेजारच्या गावाला पत्ता नसायचा. देवी, घटसर्प, विषमज्वर गावोगाव फिरत राहायचे. मंडळामुळे रोगांची नोंद, विलगीकरण, पाणी आणि सांडपाणी यांवर लक्ष ठेवणारी एक कायमची यंत्रणा उभी राहिली. गव्हर्नर हेबर वेल्स यांनी मार्थांना या मंडळावर नेमलं. काम सोपं नव्हतं. देवीची लस शाळकरी मुलांना सक्तीची करावी या मुद्द्यावर मंडळ आणि लोक यांच्यात असं जुंपलं की १९०१ मध्ये विधिमंडळाने सक्ती बंद करणारा कायदा केला, आणि गव्हर्नरने नकाराधिकार वापरला तोही झुगारला. तेव्हा मार्था सभागृहात नव्हत्या. पण मंडळ टिकलं.

याखेरीज अन्नातल्या भेसळीविरुद्ध आणि शाळांत दारू व अमली पदार्थांचे परिणाम शिकवण्यासाठीही त्यांनी विधेयकं मांडली. या यादीत एकही विषय असा नाही जो दवाखान्याच्या दारातून आत येत नाही.

चर्च सांगेल तसं त्या मत देत असत का?

नाही, आणि याचा दाखला पहिल्याच अधिवेशनात मिळतो. १९१३ पर्यंत वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्राच्या, सिनेटसाठी सदस्य राज्यांची विधिमंडळं निवडत. १८९७ मध्ये मोझेस थॅचर यांचं नाव पुढे होतं. राजकारणात पडण्याआधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी हा चर्चचा नियम त्यांनी मान्य केला नव्हता, म्हणून त्यांना चर्चच्या बारा जणांच्या वरिष्ठ मंडळातून काढलं होतं. चर्चची नेतेमंडळी त्यांच्या विरोधात असताना मार्थांनी थॅचर यांना पाठिंबा दिला. अखेर जोसेफ रॉलिन्स निवडून आले. नवरा धर्माधिकारी, दीर जॉर्ज क्यू. कॅनन तर चर्चच्या अगदी वरच्या तिघांत. अशा घरातल्या सुनेने हे मत देणं सोपं नव्हतं.

इतकं चांगलं चाललं असताना राजकारण का सुटलं?

१८९० मध्ये चर्चने जाहीरनामा काढून बहुपत्नीत्वाची नवी लग्नं थांबवली होती. जुन्या बायकांचं काय, हे मात्र धूसरच राहिलं. मार्थांना १८९० मध्ये मुलगा झाला, जेम्स. १८९९ च्या एप्रिलमध्ये, अधिवेशन आटोपल्यावर थोड्याच दिवसांत, तिसरं मूल झालं, ग्वेंडोलिन. सिनेटरबाईंना मूल झालं म्हणजे अँगस अजून चौथ्या बायकोबरोबर संसार करत होते हे उघड झालं. त्यांच्यावर खटला झाला, शंभर डॉलर दंड भरून ते सुटले. दंड नवऱ्याने भरला आणि कारकीर्द बायकोची संपली. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सिनेटसाठी मार्थांचं नाव घेतलं जात होतं, पण विधिमंडळात कोणाच्याच नावावर एकमत झालं नाही आणि युटाची जागा रिकामी राहिली. मार्था पुन्हा कधी निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत.

मला हा या चरित्रातला सगळ्यांत अन्यायकारक भाग वाटतो. कायदा ज्या स्त्रियांना वाचवायला केला असं सांगितलं जात होतं, त्यांतल्या एकीला परदेशात पळावं लागलं, मत गमवावं लागलं आणि शेवटी पदावरचं भवितव्यही गेलं.

नंतरच्या आयुष्यात काय केलं?

काही वर्षं आरोग्य मंडळाचं काम आणि प्रॅक्टिस. मग मुलांजवळ राहायला कॅलिफोर्नियात गेल्या. क्षयरोगाविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या उपाध्यक्ष होत्या आणि म्हातारपणीही लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात काम करत होत्या. अँगस १९१५ मध्ये वारले, धाकटी ग्वेंडोलिन १९२८ मध्ये. १० जुलै १९३२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मार्थांचं निधन झालं. त्यांना सॉल्ट लेक सिटीत पुरलं आहे.

त्यांची रोजनिशी वाचायला मिळते का?

नाही. आपल्या डायऱ्या जाळून टाकाव्यात असं त्यांनी सांगून ठेवलं होतं आणि मुलांनी ते पाळलं. परदेशातून अँगसना लिहिलेली पत्रं मात्र राहिली, कारण पत्र वाचून झाल्यावर जाळा असं मार्थांनी लिहिलं तरी अँगसनी ती जपून ठेवली. आज इतिहासकारांची मुख्य भिस्त त्यांच्यावरच आहे. वाचताना हे लक्षात ठेवावं की ही पत्रं पकडली जाण्याच्या धास्तीत लिहिलेली आहेत. नावं बदललेली आहेत आणि बऱ्याच गोष्टी आडून सांगितल्या आहेत.

वॉशिंग्टनमधल्या पुतळ्याचा वाद काय होता?

अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. युटाचा एक ब्रिगम यंग यांचा, दुसरा तेव्हा दूरचित्रवाणीचे संशोधक फायलो फार्न्सवर्थ यांचा होता. २०१८ मध्ये विधिमंडळाने फार्न्सवर्थ यांच्या जागी मार्था कॅनन यांचा पुतळा पाठवायचं ठरवलं. फार्न्सवर्थ यांच्या चाहत्यांनी जोरदार विरोध केला, आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती; एका गुणी माणसाला हलवून दुसऱ्याला मान द्यावा लागणं ही त्या दोनच्या नियमाची अडचण आहे. तरीही बायकांना देशभर मत मिळाल्याची शताब्दी २०२० मध्ये येत होती आणि मला निर्णय योग्य वाटतो. महामारीमुळे समारंभ लांबला. शिल्पकार बेन हॅमंड यांनी घडवलेल्या ब्राँझच्या पुतळ्याचं अनावरण अखेर ११ डिसेंबर २०२४ रोजी झालं. सॉल्ट लेक सिटीत राज्याच्या आरोग्य खात्याच्या इमारतीलाही त्यांचं नाव दिलं आहे. १८९७ च्या विधेयकातून जे मंडळ निघालं, त्याचंच आजचं रूप म्हणजे ते खातं.